उपवासाचे दूध : स्पेनच्या स्वयंपाकघरातील बदाम

बदामाचे झाड मोठे उतावीळ. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर इतर फळझाडे अजून निष्पर्ण उभी असतात, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतच ते पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरून जाते. १३३५ च्या सुमारास लिहून झालेल्या ‘एल कोंदे लुकानोर’ या स्पॅनिश ग्रंथात या फुलोऱ्याची एक कथा आहे. सेव्हिलच्या मुस्लिम राजाच्या राणीने एकदा कोर्दोबा नगरीत बर्फ पडताना पाहिला आणि हे दृश्य पुन्हा दिसणार नाही या विचाराने तिला रडू कोसळले. तेव्हा राजाने कोर्दोब्याच्या डोंगरांवर सर्वत्र बदामाची झाडे लावली. दर फेब्रुवारीत ती फुलली की डोंगर हिमाच्छादित भासत.

राणीची हौस फिटली, पण हाच फुलोरा शेतकऱ्याच्या जिवाला घोर लावतो. एका रात्रीच्या कडाक्याच्या थंडीने मोहोर करपतो आणि वर्षाचे उत्पन्न हातचे जाते. त्यात २०१७ साली अलिकान्ते प्रांतातील बदामांवर झायलेला नावाचा जिवाणूजन्य रोग आढळला. रोगट झाडाभोवतीच्या ठरावीक अंतरातील धडधाकट झाडेही तोडण्याचा नियम लागू झाला. वाडवडिलांनी कोरडवाहू उतारावर जोपासलेल्या बागा डोळ्यांदेखत उखडल्या गेल्या. स्पेनचा सर्वांत प्रसिद्ध बदामी पदार्थ ज्या प्रांतात बनतो, तोच हा प्रांत.

स्पेनमध्ये बदाम केवळ सुका मेवा म्हणून खाल्ला जात नाही, तो तेथील पाककलेचा पाया आहे. या मानाचे मोठे श्रेय उपवासांना द्यावे लागते. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत मध्ययुगीन ख्रिस्ती समाजाला मांस तर वर्ज्य होतेच, शिवाय दूध, लोणी आणि अंडीही निषिद्ध होती. मासे मात्र चालत. पुढे ‘बुला दे ला क्रुसादा’ या धर्माज्ञेनुसार ठरावीक रक्कम भरणाऱ्याला दूध-अंड्यांची मोकळीक मिळू लागली. ज्यांना नियम काटेकोर पाळायचा होता, त्यांच्या चुलीवर दुधाची जागा बदामाने घेतली. सोललेले बदाम वाटायचे, पाण्यात कालवायचे आणि फडक्यातून पिळायचे. आपल्याकडे नारळाचे दूध काढतात, तीच ही कृती. हे दूध लवकर नासत नसे, त्यामुळे उपवास नसलेल्या दिवशीही ते वापरात राहिले. रुपेर्तो दे नोला यांचा पाकग्रंथ १५२० साली बार्सिलोनात छापला गेला. त्यात उपवासकाळातील पदार्थांचा स्वतंत्र भाग आहे आणि बदामाचे दूध जागोजागी येते.

त्या परंपरेतील ‘मेंझा ब्लांक’, म्हणजे पांढरे पक्वान्न, कातालोनियातील रेऊस शहरात आजही घरोघरी होते. नोलाच्या काळी श्रीमंतांच्या ताटातील या पक्वान्नात कोंबडीचे मांस घालीत. आजच्या रेऊसच्या पाककृतीत त्याचा मागमूस नाही. दोनशे ग्रॅम बदाम गरम पाण्यात टाकून सोलावेत, थोडे थोडे पाणी घालीत गंधासारखे वाटावेत आणि एकूण एक लिटर पाण्यात मिसळून दोन तास ठेवावेत. मग स्वच्छ फडक्यातून घट्ट पिळून दूध काढावे. त्यातील वाटीभर दुधात ऐंशी ग्रॅम तांदळाची बारीक पिठी गुठळी न होऊ देता कालवावी. उरलेले दूध लिंबाची पिवळी साल आणि दालचिनीचा तुकडा घालून मंद आचेवर तापवावे. सुवास उतरला की साल व दालचिनी काढून दीडशे ग्रॅम साखर आणि पिठीचे मिश्रण घालावे व न थांबता ढवळावे. लिंबाच्या सालीचा पांढरा भाग येता कामा नये, त्याने कडवटपणा येतो. पळीच्या पाठीला दाट लेप बसला की बशांत ओतावे. थंड झाल्यावर ते फिरनीसारखे थरथरते, पण त्यात गाई-म्हशीच्या दुधाचा थेंबही नसतो. उरलेला चोथा टाकू नये. तुपावर परतून लाडवात घातला की कामी येतो.

तोलेदो शहराचे ‘माथापान’ त्याहून साधे आहे : बदाम आणि साखर, बस्स. युरोपीय संघाच्या संरक्षित भौगोलिक नावाखाली विकायचे असेल, तर त्यात निदान निम्मा बदाम असावा लागतो. १२१२ साली लास नावास दे तोलोसाच्या लढाईच्या धामधुमीत गव्हाचा तुटवडा पडला, तेव्हा सान क्लेमेन्ते मठातील साध्वींनी कोठारातील बदाम आणि साखर कुटून भुकेल्यांसाठी हे केले, अशी तोलेदोची आख्यायिका आहे. साखर आणि बदाम ही जोडी मात्र त्या भूमीवर अरबांच्या राजवटीत रुळली, हे अधिक विश्वसनीय. आपल्या बदाम कतलीत पाक करावा लागतो, येथे पिठीसाखर व बदामाची पूड नुसती मळतात. बाजारातील वड्यांवर रंगासाठी बहुधा अंड्याचा बलक फासलेला असतो, तो घरी सहज टाळता येतो. हेच मिष्टान्न पोर्तुगीजांच्या वाटेने गोव्यात पोहोचले, तेव्हा बदामाची जागा काजूने घेतली. गोव्यातील नाताळच्या फराळात ते आजही दिसते.

अलिकान्ते प्रांतातील खिखोना या डोंगरी गावाची ख्याती ‘तुर्रोन’ या नाताळच्या मिठाईसाठी आहे. भाजलेले बदाम आणि मध शिजवून, दळून, पुन्हा मंद आचेवर तासन्‌तास ढवळून ते मऊ होते. सर्वोच्च प्रतीच्या खिखोनी तुर्रोनमध्ये बदामाचे प्रमाण किमान चौसष्ट टक्के असावे, असा नियम आहे. त्यासाठी गोल, चपटा आणि तेलकट मार्कोना जातीचा बदाम उत्तम मानतात. परंतु खरी थोरवी गावाच्या व्यापारात आहे. नाताळाआधी खिखोन्याची कुटुंबे गाव सोडून स्पेनभर पसरत आणि दूरच्या शहरांतील घरांच्या दारातील ओवऱ्या भाड्याने घेऊन माल विकत. हंगाम दोन-तीन महिन्यांचा, मग उरलेल्या वर्षाचे काय? तेव्हा हीच कुटुंबे उन्हाळ्यात आइस्क्रीम विकू लागली. थंडीत तुर्रोन, उन्हात आइस्क्रीम, हा दुहेरी धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. १८४२ साली लुइस मिरा नावाचा खिखोनावासी गाढवांवर तुर्रोन लादून माद्रिदला निघाला. वाटेतच सगळा माल खपल्यामुळे त्याला पुनःपुन्हा परत फिरावे लागले, असे सांगतात. त्याचे ‘कासा मिरा’ हे दुकान माद्रिदमध्ये आजही चालू आहे.

तुर्रोन मात्र जैन घरात चालणार नाही. त्यात मध अनिवार्य असतो आणि बहुधा अंड्याचा पांढरा बलकही पडतो. स्पेनला जाणाऱ्यांनी आणखी काही नावे ध्यानात ठेवावीत. सांतियागोचा बदामी केक अंड्यांवरच उभा असतो. नाताळच्या भुसभुशीत पोल्बोरोन बिस्किटांत डुकराची चरबी असते. क्वचित ऑलिव्ह तेलाची मिळतात, पण वेष्टन वाचल्यावाचून घेऊ नयेत. मालागाच्या उन्हाळ्यातील थंड ‘आखोब्लांको’ सारात बदाम, पाव आणि तेलाबरोबर लसूण असतो, किंबहुना ‘आखो’चा अर्थच लसूण. लसूण वगळून वर द्राक्षे घातलेले बदामाचे थंड सार चवदार लागते, पण मग त्याला आखोब्लांको म्हणू नये.

याउलट मायोर्का बेटावरील जुन्या रीतीचे बदामी आइस्क्रीम बदाम, पाणी, साखर, दालचिनी आणि लिंबाची साल एवढ्यावरच होते. जत्रांतून गरमागरम मिळणारे ‘गार्रापिन्यादा’ तर तीनच जिन्नसांचे. एक वाटी सालीसकट बदाम, एक वाटी साखर आणि अर्धी वाटी पाणी जाड बुडाच्या कढईत एकत्र उकळावे व लाकडी चमच्याने हलवीत राहावे. पाक दाटतो, मग अकस्मात सगळी साखर कोरडी, रवाळ होऊन बदामांना चिकटते. संक्रांतीचा हलवा करणाऱ्या हातांना ही अवस्था ओळखीची वाटेल. येथे पुष्कळांना काम बिघडले असे वाटते आणि ते गॅस बंद करतात. तसे करू नये. आच मंद करून हलवीत राहिले की कढईच्या बुडाची साखर पुन्हा वितळते, तांबूस होते आणि प्रत्येक बदामावर चकचकीत, खडबडीत कवच चढते. तेव्हा लगेच तूप लावलेल्या ताटात पसरून बदाम एकमेकांपासून सुटे करावेत. हात लावण्याची घाई मात्र करू नये, हा पाक फार भाजतो.