खुराड्यातला वेगळा कप्पा

मुलांनो, आपल्या पेण-रोह्याकडच्या खेड्यांत दारात चार-सहा कोंबड्या असलेली घरं पुष्कळ. संध्याकाळी त्यांना खुराड्यात कोंडायचं आणि सकाळी अंडी काढायचं काम बहुतेक तुमच्याकडेच असतं. म्हणून हा लेख मोठ्यांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

पंधरा-वीस अंडी घालून झाली की गावठी कोंबडी एके दिवशी जागेवरून उठेनाशी होते. हात नेला की पिसं फुलवते, गुरगुरल्यासारखा आवाज काढते, टोचते सुद्धा. आपण म्हणतो, कोंबडी खुडूक झाली. हा आजार नव्हे. तिला आता अंडी उबवायची असतात. तिच्या पोटाखालची पिसं विरळ होतात आणि तिथल्या उघड्या कातडीची ऊब थेट अंड्यांना मिळते. अशी २१ दिवस ऊब मिळाली की पिल्लं बाहेर पडतात.

आता गंमत बघा. खुडूक कोंबडी जिथे बसते तिथेच बाकीच्या कोंबड्याही अंडी घालायला येतात. रवणीला दहा अंडी ठेवलेली असतात, आठवड्याने बघावं तर चौदा! पहिली पिल्लं निघाली की आई त्यांना घेऊन उठते आणि मागाहून घातलेली अंडी अर्धवट उबून फुकट जातात. शिवाय ढकलाढकलीत दोन-तीन फुटतात ती वेगळीच. म्हणून खुडूक कोंबडीला खुराड्यातच एक कप्पा करून द्यावा.

कप्पा दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तेवढाच उंच असला की पुरे. बांबूच्या कामट्या बोटभर अंतराने सुंभाने बांधाव्यात. मासे धरायचं जुनं जाळं वापरू नका, त्यात पिल्लांचे पाय अडकतात. आपल्याकडे पाऊस उदंड, म्हणून तळ जमिनीपासून हात-दीड हात वर हवा. आत टोपलीत आधी राख, तिच्यावर कोरडा पेंढा. राखेमुळे उवा कमी होतात. पुढच्या बाजूला गोणपाट सोडावं, कारण तिला अंधार आणि शांतता लागते. अंड्यांवर कोळशाने खूण करून ठेवा, म्हणजे चुकून एखादं परकं अंडं आलं तर ओळखता येतं. सातव्या दिवशी रात्री अंड्यामागे बॅटरी धरून पाहा. आत लाल शिरांची जाळी दिसली तर पिल्लू धरलं आहे.

दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं दार उघडायचं. तेवढ्यात ती कणी खाते, पाणी पिते, विष्ठा टाकते आणि आपणहून परत येते. हे विसरू नका. बंद कप्प्यात उपाशी बसलेली कोंबडी फार खंगते.

अंडी उबवायची नसतील तर मात्र उलटं करायचं. कोणी खुडूक कोंबडीला पाण्यात बुचकळतात, कोणी नाकपुडीत पीस खुपसतात. कशाला छळायचं तिला? गोणपाट आणि पेंढा काढून टाका, खाली फक्त फटी असलेल्या कामट्या ठेवा, भरपूर उजेड येऊ द्या. दाणा-पाणी चालू ठेवा. पोटाला खालून वारा लागला की तीन-चार दिवसांत खूळ उतरतं.

इथपर्यंत सोपं आहे. पण असा कप्पा केला की घरात कोणीतरी म्हणतंच, "रिकामा आहे ना, मग त्या मलूल कोंबडीला ठेव त्यात." माझ्या लहानपणी हे आमच्याच घरी झालं. रोह्याकडे आजोळी आजीच्या अकरा कोंबड्या होत्या. एक पेंगायला लागली, हिरवट-पांढरी हगवण लागली. मीच तिला उचलून खुडूक कोंबडीच्या कप्प्यात ठेवली, आजीनेच सांगितलं होतं. चौथ्या दिवशी दोन कोंबड्यांच्या माना वाकड्या झाल्या. गुरांचे डॉक्टर आले तेव्हा पहिला प्रश्न हाच, "आजी, आजारी कोंबडी कुठे ठेवली होती?" आजीने खुराड्याकडे बोट दाखवलं. डॉक्टर काही बोलले नाहीत. आठवडाभरात दोनच उरल्या. अंड्यांच्या पैशातून आजी मीठ-तेल आणायची. त्या पावसाळ्यात ते उधारीवर आलं.

तो रोग राणीखेत, आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणतात. हिमालयातल्या राणीखेत गावावरून हे नाव पडलं. १९२७-२८ च्या सुमारास भारतात तो तिथे ओळखला गेला. इंग्लंडात त्यालाच न्यूकॅसल म्हणतात. त्याचे विषाणू श्वासातून, विष्ठेतून, एकाच भांड्यातल्या पाण्यातून पसरतात. कामट्यांच्या फटी त्यांना काय अडवणार? रोग झाल्यावर औषध नाही, आधी लस द्यावी लागते. पिल्लू आठवड्याचं होईतो लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात आणि पुढे पुन्हा लस टोचतात. गुरांच्या दवाखान्यात चौकशी करा.

म्हणून आजारी कोंबडीची जागा खुराड्यात नाही. ती निदान वीस-पंचवीस पावलं लांब, वारा खुराड्याकडे जाणार नाही अशा बाजूला, डालग्याखाली ठेवावी. तिचं भांडं वेगळं. आधी चांगल्या कोंबड्यांना दाणा-पाणी द्यायचं, तिला सगळ्यांत शेवटी, आणि मग हात साबणाने धुवायचे. एकाएकी दोन-चार मेल्या तर हात लावू नका, मोठ्यांना सांगून दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबारमधल्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला आढळला आणि तिथल्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. मोठ्यांनी ती खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी.

पाय मुरगळलेली किंवा दुसऱ्यांनी टोचलेली कोंबडी मात्र खुराड्यातल्या कप्प्यात चालते. उलट तिथेच बरी. बाकीच्यांना ती रोज दिसत राहते, म्हणून परत सोडल्यावर परकी समजून तिला फार मारत नाहीत. तिला सोडायचं ते रात्री, सगळ्या झोपल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाणे दोन-तीन ठिकाणी पसरून टाकायचे.