थ्रेड सुरू करणं सोपं, सांभाळणं अवघड
मोबाइलवर फोटो अपलोड होत असतानाही स्क्रीन बोटाखाली सरकत राहते, कारण ही दोन कामं एकाच अ‍ॅपमधले दोन वेगळे थ्रेड करत असतात. थ्रेड म्हणजे सूचना एकामागून एक पार पाडत जाणारा स्वतंत्र प्रवाह. एका प्रोग्रॅमच्या सगळ्या थ्रेडची मेमरी मात्र सामाईक असते, आणि खरी गोम तिथंच आहे.

जावामध्ये थ्रेड काढायला दोन-तीन ओळी पुरतात. काम ‘रन’मध्ये लिहायचं आणि ‘स्टार्ट’ला बोलवायचं. नवशिके हटकून थेट ‘रन’लाच बोलावतात. मग काम होतं, तक्रारही येत नाही; फक्त ते जुन्याच थ्रेडवर होतं! थ्रेड संपेपर्यंत थांबायचं असेल तर ‘जॉइन’.

आता दोन थ्रेड एकाच आकड्यात प्रत्येकी १,००,००० वेळा १ मिळवताहेत असं समजा. उत्तर २,००,००० यायला हवं. पण ते बहुधा कमी येतं, आणि दर खेपेला वेगळं. कारण आतून ही तीन पावलं असतात: आकडा वाचणं, वाढवणं, परत लिहिणं. दोघांनी एकदमच ५७ वाचले आणि दोघांनीही ५८ लिहिले, की एक बेरीज गेलीच. उपाय म्हणजे कुलूप, जावातलं ‘सिंक्रोनाइझ्ड’: एका वेळी एकच थ्रेड आत. पण दोन थ्रेड एकमेकांच्या कुलपासाठी अडून बसले, तर दोघेही कायमचे ठप्प. हाच तो कुप्रसिद्ध डेडलॉक.

थ्रेड फुकटही नसतो; प्रत्येकाला स्वतःचा स्टॅक लागतो. म्हणून मोजक्या थ्रेडचा पूल ठेवून कामं वाटून देतात. २०२३ मध्ये जावा २१ने हलके व्हर्च्युअल थ्रेड रुजू केले. ते लाखांनी काढता येतात, पण कुलपांची डोकेदुखी त्यांनाही चुकलेली नाही.