लंडनला निघालेल्या बीडकरांसाठी जेवणाचा हिशेब

मुलाच्या पदवीदानासाठी किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी बीड, अंबाजोगाईहून लंडनला जाणाऱ्यांना पहिला धक्का बसतो तो जेवणाच्या बिलाचा.

● सोबत न्या : ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट.

● नेऊ नका : खवा, पेढे, तूप यांसह दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. ताजा कढीपत्ता किंवा भौगोलिक मानांकन मिळालेले आपले बीडचे सीताफळही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही.

● दुपारी : सुपरमार्केटमध्ये सँडविच, खाऊ आणि पेय एकत्र साधारण ४ पौंडांत मिळते. साध्या हॉटेलातही माणशी १५-२० पौंड सहज लागतात.

● पाणी : मद्यपरवाना असलेल्या हॉटेलांत नळाचे पिण्याचे पाणी मागितल्यास मोफत द्यावेच लागते.

● बिल वाचा : त्यात अनेकदा १२.५ टक्के सेवाशुल्क असते. ते ऐच्छिक असेल, तर वगळायला सांगता येते.

● लंगर : साऊथॉलच्या श्री गुरू सिंग सभा गुरुद्वाऱ्यात सर्वांना मोफत शाकाहारी जेवण मिळते.

स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, एक वेळ घरी रांधा. पण पैसे वाचवण्यासाठी उपाशी राहू नका.