साठ मतांचा नियम मोडला कुणी, फायदा झाला कुणाला?

26 जून 2018 रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने डोनाल्ड ट्रम्प यांची प्रवासबंदी 5 विरुद्ध 4 मतांनी वैध ठरवली. यादीत उत्तर कोरिया आणि व्हेनेझुएलाही होते, पण खरा मार बसला तो इराण, लिबिया, सोमालिया, सीरिया आणि येमेनमधल्या कुटुंबांना. नवरा तिकडे, बायको-मुलं इकडे अशी ताटातूट झाली. त्या पाच मतांपैकी एक होतं न्यायमूर्ती नील गोर्सच यांचं. ते त्या खुर्चीपर्यंत पोहोचले कसे, हे जरा समजून घेऊ.

आपल्याकडे न्यायाधीशांची नावं कॉलेजियम सुचवतं, संसदेत त्यावर मतदान होत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष नाव देतात आणि 100 सदस्यांची सिनेट त्यावर मत देते. शिवाय तिथे निवृत्तीचं वय नाही, न्यायाधीश तहहयात. म्हणजे एक नेमणूक पंचवीस-तीस वर्षं पुरते. भांडण उगाच होत नाही!

सिनेटचा जुना नियम असा की, चर्चा थांबवून मतदान घ्यायचं तर 60 मतं हवीत. नाहीतर विषय लटकलेलाच. याला फिलिबस्टर म्हणतात. एका पक्षाकडे 60 जण क्वचितच असतात, म्हणून समोरच्यांपैकी काहींना तरी चालेल असं नाव द्यावं लागे. अर्थात हा नियम फार पाक-साफ होता असं समजू नका. काळ्या लोकांच्या नागरी हक्कांचे कायदे अडवायला तो वर्षानुवर्षं वापरला गेला. 1957 मध्ये स्ट्रॉम थर्मंड अशाच एका विधेयकाविरुद्ध 24 तासांहून जास्त एकटे बोलत राहिले होते.

ओबामांच्या काळात रिपब्लिकन पक्षाने न्यायाधीशांची नावं अडवायला सुरुवात केली. वैतागून डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी 21 नोव्हेंबर 2013 रोजी 52 विरुद्ध 48 मतांनी नियमच फिरवला. सुप्रीम कोर्ट सोडून बाकी नेमणुकांना साधं बहुमत पुरेल असं ठरलं. याचा तुम्हाला पश्चात्ताप होईल, असं रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी तेव्हाच बजावलं होतं.

फेब्रुवारी 2016 मध्ये न्यायमूर्ती स्कॅलिया वारले. ओबामांनी मेरिक गारलंड यांचं नाव दिलं. निवडणुकीचं वर्ष आहे, लोकांना ठरवू द्या, असं म्हणत मॅकॉनेल यांनी साधी सुनावणीसुद्धा होऊ दिली नाही. ट्रम्प निवडून आले. त्यांनी गोर्सच यांचं नाव दिलं, डेमोक्रॅट्सनी अडवलं, तेव्हा एप्रिल 2017 मध्ये मॅकॉनेल यांनी रीड यांचीच वाट धरून सुप्रीम कोर्टासाठीही 60 ची अट काढून टाकली. गोर्सच 54 विरुद्ध 45 मतांनी आले. पुढे सप्टेंबर 2020 मध्ये न्यायमूर्ती गिन्सबर्ग वारल्या, तेव्हा मात्र ‘लोकांना ठरवू द्या’ कुणाला आठवलं नाही. मतदानाला आठ दिवस असताना एमी बॅरेट यांना मंजुरी मिळाली.

मग 2013 चा बदल वाईटच होता का? इथे माझा निकाल डळमळतो. 2021 मध्ये जाहिद कुरेशी हे पहिले मुस्लिम फेडरल जिल्हा न्यायाधीश झाले, तेही 81 विरुद्ध 16 मतांनी. त्यांना जुना नियमही आड आला नसता. पण नुसरत चौधरी यांचं काय? न्यूयॉर्क पोलिसांनी मुस्लिमांवर ठेवलेल्या पाळतीविरुद्ध लढलेल्या या वकीलबाई जून 2023 मध्ये 50 विरुद्ध 49 मतांनी फेडरल न्यायाधीश झाल्या, पहिल्या मुस्लिम महिला. साठची अट असती तर त्या आज घरी असत्या.

अदील मंगी यांच्या बाबतीत साधं बहुमतही जमलं नाही. न्यू जर्सीतल्या मशिदींच्या परवानगीसाठी लढलेले हे वकील. बायडन यांनी नोव्हेंबर 2023 मध्ये अपील कोर्टासाठी त्यांचं नाव दिलं. सुनावणीत त्यांना हमास आणि 9/11 बद्दल सवाल विचारले गेले. नंतर बायडन यांच्याच पक्षाच्या तीन सिनेटरांनी पाठ फिरवली. वर्षभर नाव पडून राहिलं, मतदान झालंच नाही. 29 जुलै 2025 रोजी त्याच जागेवर ट्रम्प यांचे एकेकाळचे वकील एमिल बोव्ह यांची नेमणूक मंजूर झाली. मतं होती 50 विरुद्ध 49.