पापण्या मिटणारी पाल

संध्याकाळी दिवा लागला की भिंतीवर ट्यूबलाइटच्या आसपास एक पाहुणी हमखास येते. आज तिला हुसकावण्याआधी दोन मिनिटे तिच्या डोळ्यांकडे बघा. ती डोळे मिटते का? नाही. मिटायला तिला पापण्याच नाहीत! डोळ्यावर धूळ बसली की ती सरळ जीभ बाहेर काढते आणि डोळाच चाटून साफ करते.

आता अशी एक पाल डोळ्यांपुढे आणा की जी पापण्या मिटून झोपते, जिला भिंतीवर चढता येत नाही आणि जिची शेपटी गाजरासारखी जाड आहे. युरोप-अमेरिकेत ही पाल हौसेने काचेच्या पेटीत पाळतात. बाजारात तिला ‘लेपर्ड गेको’ म्हणतात. पिवळसर अंगावर काळे ठिपके असतात, म्हणून आपण तिला बिबट्या पाल म्हणू या.

समजा, न्यू जर्सीला राहणाऱ्या तुमच्या मामेभावाने अशी एक पाल आणली आणि फोटो पाठवून तुम्हाला विचारले, “दुकानदार हिला वाळवंटी पाल म्हणाला. हिला काय काय लागतं?” तर उत्तर देण्याची घाई करू नका. ‘वाळवंटी पाल’ या एकाच नावाखाली निरनिराळे प्राणी विकले जातात आणि एकीला मानवणारी पेटी दुसरीला मारक ठरू शकते. आधी ओळख पटवायला हवी.

पहिली खूण डोळ्यांची. पापण्या हलत असतील तर ती बिबट्या पालीच्या कुळातली. दुसरी खूण बोटांची. घरातल्या पालीच्या बोटांखाली पट्ट्या असतात आणि त्यांवर अतिसूक्ष्म केस. त्यांच्याच जोरावर ती काचेवरही चालते. बिबट्या पालीची बोटे मात्र बारीक आणि नखांची. पापण्या नाहीत, डोळे बटबटीत आणि अंगावर माशासारखे मोठे खवले असतील, तर ती मध्य आशिया, इराणकडची बेडूकडोळी पाल समजावी. हिची कातडी इतकी नाजूक असते, की हातात पकडताच फाटू शकते. हिला वाळूत बीळ खणायला आवडते. तिसरी एक आहे पश्चिम आफ्रिकेची जाडशेपटी पाल. तिला पापण्या असतात, पण अंगावर तपकिरी रुंद पट्टे आणि डोळे काळेभोर. हिला दमट हवा लागते. गंमत म्हणजे बिबट्या पालीच्या पिलांच्या अंगावरही पट्टेच असतात. वाढता वाढता ते फुटून त्यांचे ठिपके होतात. त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबू नये.

फोटोतली पाल बिबट्याच आहे असे धरू. तिचे मूळ घर कोणते? कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातील एडवर्ड ब्लाइथ याने १८५४ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले, ते पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतील नमुन्यावरून. हा प्रदेश आज पाकिस्तानात आहे. म्हणजे वाळूच्या टेकड्या नव्हेत, तर खडकाळ, टणक जमीन! वाळवंटी म्हटले की लोक पेटीत वाळू ओततात. भक्ष्यावर झडप घालताना ती वाळू, विशेषतः पिलांच्या, पोटात जाते आणि आतडे तुंबून प्राणी मरू शकतो. नव्या पालीला साधा कागद अंथरावा. तो बदलणे सोपे आणि विष्ठा कशी आहे हेही त्यावर चटकन दिसते.

पाल स्वतःच्या शरीराची उष्णता तयार करू शकत नाही. रानात ती तापलेल्या दगडाखाली जाते, नको झाले की सावलीत सरकते. म्हणून पेटीचे एक टोक ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास उबदार आणि दुसरे २४-२५ अंशांवर थंड ठेवतात. उष्णतेला नियंत्रक जोडलाच पाहिजे, नाहीतर पोट भाजते. दोन्ही टोकांना लपायला जागा हवी. तिसरी जागा ओल्या शेवाळाची. कात टाकताना ओल मिळाली नाही, तर जुनी कातडी बोटांना दोऱ्यासारखी आवळून बसते आणि बोटे झडतात. (टाकलेली कात पाल स्वतःच खाऊन टाकते. कोपऱ्यात शोधत बसू नका!)

पहिला आठवडा तिला हात लावू नये. नव्या जागी ती काही दिवस उपाशीही राहते. घाबरू नका, शेपटीत साठवलेली चरबी याच वेळी कामी येते. पण शेपटी काडीसारखी बारीक होऊ लागली, तर आतड्यातल्या परोपजीवींची शंका घ्यावी आणि विष्ठा पशुवैद्याकडून तपासून घ्यावी. घरात आधीची पाल असेल, तर नवी काही आठवडे वेगळ्या पेटीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावी. दोन नर तर कधीच एकत्र ठेवू नयेत. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू माणसाकडे येऊ शकतात.

खाणे म्हणजे जिवंत रातकिडे, झुरळे, अळ्या. कीटक पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पण कीटकांत कॅल्शियम फारच कमी असते. म्हणून त्यांना कॅल्शियमची भुकटी आणि ‘ड’ जीवनसत्त्व लावून देतात. हे टाळले तर हाडे मऊ होतात, पाय वाकतात, जबडा रबरासारखा लवचिक होतो. लहान मुलांच्या मुडदूस रोगाची आठवण होते ना? कारणही तेच.

“नर की मादी?” हा मामेभावाचा पुढचा प्रश्न असेल. मागच्या पायांच्या मध्ये इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात ठळक छिद्रांची ओळ असेल तर नर. पण तो नर का झाला, हे जास्त मजेदार आहे. अंडी २६ अंशांना उबवली तर जवळजवळ सगळ्या माद्या, ३२.५ अंशांच्या सुमारास बहुतेक नर आणि ३४ अंशांना पुन्हा बहुतेक माद्याच!

रंगांच्या हौसेपायी माणसाने या पालीचे कितीतरी वाण तयार केले आहेत. त्यांतला ‘लेमन फ्रॉस्ट’ हा झळाळत्या रंगाचा वाण बराच गाजला. पण या वाणाच्या बहुसंख्य पालींच्या कातडीवर अर्बुदे उठू लागली. २०२१ साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की रंग उजळणारा आणि अर्बुदे वाढवणारा बदल एकाच ठिकाणी, ‘स्पिंट १’ या जनुकाशी निगडित आहे. रंग ठेवून रोग टाळायची सोयच नाही. मामेभावाने कोणता वाण आणला आहे, हे जरूर विचारा. तसेच ती पाल पेटीत जन्मलेली आहे की रानातून पकडलेली, हेही विचारा. पकडलेल्या पाली प्रवासातच अर्धमेल्या होतात.

आणि तुम्ही? अशी पाल आणण्याचा हट्ट वडिलांकडे धरण्याआधी एवढे लक्षात घ्या, की ती पंधरा-वीस वर्षे जगते. आपल्याकडच्या वन्य प्राण्यांना पकडून पाळायला तर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. पण निराश होऊ नका. या बिबट्या पालीची सख्खी भावंडे महाराष्ट्रातच आहेत! पश्चिम भारतातली एक जात आपल्या कोरड्या, खडकाळ माळांवर राहते. दुसरी सातपुड्यातली, तिचे वर्णन तर झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी अलीकडे, २०१४ साली केले. दोन्ही बिनविषारी, तरीही विषारी समजून लोक त्यांना ठेचतात. रात्री मोठ्या माणसांबरोबर माळावर गेलात आणि बॅटरीच्या झोतात जाड शेपटीची पाल संथपणे चालताना दिसली, तर दूरच उभे राहा. झोत जरा बाजूला धरा आणि ती पापण्या मिटते का, ते बघा.