पऱ्हाटीपासून जैवतेल : गुणवत्तावृद्धी व उपयोग
दुसरबीड (ता. सिंदखेडराजा) परिसरात कापूस व तुरीच्या हंगामानंतर उरणारी पऱ्हाटी व तुराटी सरपणात किंवा शेतात जळून जाते. प्राणवायूविरहित पात्रात सुमारे ५०० अंश सेल्सिअस तापमानास तिचे जलद ताप-अपघटन करून वाफा त्वरित थंड केल्यास जैवतेल मिळते. सोबत कोळसा व ज्वलनशील वायूही निर्माण होतात. मात्र या तेलात १५ ते ३० टक्के पाणी आणि आम्ले असल्याने ते धातू गंजविते, साठवणुकीत घट्ट होते. त्याचे उष्णतामूल्य डिझेलच्या निम्म्याहून कमी असते. उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजनची प्रक्रिया केल्यास तेलातील प्राणवायू पाण्याच्या रूपाने निघून जातो. परंतु ही प्रक्रिया खर्चिक आहे. म्हणून ग्रामीण स्तरावर हे तेल प्रथम भट्ट्यांत वापरणे व कोळसा जमिनीस परत देणे अधिक व्यवहार्य ठरते.