‘मुले’ आणि ‘मुली’ एकाच रकान्यात

शाळांच्या पटसंख्येचा एखादा तक्ता घ्या. गाव, केंद्र, इयत्ता, मुले, मुली, एकूण असे साधे रकाने. हा तक्ता प्रोग्रामच्या हवाली करण्याआधी त्याची शीर्षकं साफ करायची, असा प्रघात आहे. मोकळ्या जागा, कंस, टिंबं, तिरप्या रेघा काढायच्या आणि तिथे अंडरस्कोअर घालायचा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत हे एका ओळीत होतं: जे अक्षर किंवा अंक नाही, ते बदलून टाक. पण पायथनच्या अंगभूत रेगेक्स, म्हणजे मजकुरात नमुने शोधणाऱ्या, यंत्रणेच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि पाय मोडण्याचं चिन्ह (हलन्त) ही अक्षरंच नव्हेत. त्यामुळे ‘जिल्हा’चं ‘ज_ल_ह_’ होतं. ते निदान डोळ्यांना खटकतं तरी. खरी पंचाईत पुढे आहे. ‘मुले’चं ‘म_ल_’ होतं आणि ‘मुली’चंही ‘म_ल_’च होतं. तिथे चूक झाल्याचा संदेशही येत नाही. पँडाज ही तक्ते हाताळणारी लायब्ररी एकाच नावाचे दोन रकाने निमूटपणे ठेवून घेते. नंतर तक्त्यातली प्रत्येक ओळ नाव आणि आकडा अशा जोड्यांत साठवायची वेळ आली, की नंतरचा आकडा आधीच्याला पुसून टाकतो. मुलींचा पट उरतो, मुलांचा जातो. गंमत म्हणजे त्याच पायथनमध्ये ‘मुली’ हे व्हेरिएबलचं नाव म्हणून बिनदिक्कत चालतं. भाषेला उकार कळतो, तिच्या झाडूला कळत नाही.

यावर ‘देवनागरी नीट कळणारी लायब्ररी वापरा’ हे उत्तर बरोबर आहे, आणि तशी लायब्ररी आहेही. पण ते अर्धंच उत्तर आहे. शीर्षकांची सफाई म्हणून जे एक काम समजलं जातं, त्यात दोन निराळी कामं मिसळलेली असतात. एक मळ काढण्याचं, जे यंत्राने करावं आणि माणसाने त्यात हातही घालू नये. दुसरं नाव ठेवण्याचं, जे संपादकीय काम आहे आणि यंत्रावर सोडायचं नाही. एडगर कॉड यांनी १९७० साली डेटाबेसचं जे रिलेशनल प्रारूप मांडलं, त्यात रकाना कितवा आहे यापेक्षा त्याचं नाव काय आहे याला महत्त्व आलं. तेव्हापासून शीर्षक ही तक्त्यावरची सजावट राहिली नाही. प्रोग्राम ज्या पत्त्यावर जातो, तो पत्ता झाला.

मळाचे प्रकार बघितले तर ते हाताने काढण्यात अर्थ का नाही, हे लगेच पटतं. त्यातला बराचसा मळ दिसतच नाही. एक्सेलने यूटीएफ-८ म्हणून जतन केलेल्या सीएसव्ही फाइलच्या सुरुवातीला बाइट ऑर्डर मार्क नावाचं अदृश्य चिन्ह असतं. ते पहिल्या शीर्षकाला चिकटलं, की समोर ‘गाव’ दिसत असूनही प्रोग्राम म्हणतो ‘गाव’ नावाचा रकाना नाही. सरकारी तक्त्यांत शीर्षकांखाली रकाना क्रमांकांची एक ओळ असते: १, २, ३, ४. कागदावर ती सोयीची, पण प्रोग्राम तिला पहिलं गाव समजतो आणि ‘एकूण’ लोकसंख्येत गुपचूप पाच-सहा माणसं वाढतात. मराठीची स्वतःची दुखणी वेगळीच. ‘कर्मचाऱ्यांची संख्या’ या शीर्षकातला ‘ऱ्या’ दोन रीतींनी टंकता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’पासून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच, प्रोग्रामला दोन परके शब्द. ‘ॲ’चंही तसंच. युनिकोडचं प्रमाणित नॉर्मलायझेशन इथे कामाला येत नाही. या जोड्या त्याच्या यादीतच नाहीत. आणि ‘अदृश्य चिन्हं सरसकट काढा’ हा सर्वत्र मिळणारा सल्ला मानला, तर ‘कर्मचार्यांची’ असं काहीतरी हाती लागतं. नियम आपल्यालाच लिहावा लागतो: र, हलन्त, जोडक असा क्रम दिसला की तिथे ‘ऱ’ आणि हलन्त ठेव. दोन ओळींचं काम आहे, पण ते माहीत असायला हवं.

‘एवढं कशाला? एक्सेलमध्ये फाइल उघडायची आणि दोन मिनिटांत नावं बदलायची,’ हा आक्षेप कार्यालयांतून हमखास येतो. फाइल आयुष्यात एकदाच येणार असेल तर तो मान्य. पण पटसंख्या, पर्जन्यमान, लसीकरण यांचे तक्ते पुन्हा पुन्हा येतात, आणि दर वेळी दोन मिनिटं देणारा माणूस तोच असेलच असं नाही. शिवाय हाताने केलेला बदल मागे काही पुरावा ठेवत नाही. आधी काय लिहिलं होतं, कोणी बदललं, का बदललं, हे कोडमध्ये वाचता येतं. एक्सेलच्या पेटीत टंकलेलं नवं नाव जुन्याला गिळून बसतं.

मात्र यंत्राच्या भरवशावर नाव ठेवणंही सोडलं, तर काय होतं याचा चांगला नमुना २०११च्या जनगणनेचा प्राथमिक गोषवारा आहे. त्यातली शीर्षकं सफाईवाल्याच्या दृष्टीने आदर्श: टॉट_पी, पी_०६, पी_लिट. जागा नाहीत, कंस नाहीत, एकसारखी ठेवण. आणि तरीही ती वाचणाऱ्याला सहज फसवतात. पी_०६ म्हणजे २००६ सालची लोकसंख्या नव्हे, शून्य ते सहा वयोगटातली मुलं. पी_लिट हा साक्षरतेचा दर नव्हे, साक्षर माणसांची संख्या. महाराष्ट्राचे आकडे घ्या: एकूण लोकसंख्या सुमारे ११.२४ कोटी, साक्षर सुमारे ८.१६ कोटी. सरळ भागाकार केला तर साक्षरता ७२.६ टक्के येते. पण जनगणना साक्षरतेचा दर सात वर्षं आणि त्यापुढच्या लोकसंख्येवर काढते. पी_०६मधली सुमारे १.३३ कोटी मुलं वजा केली की ८२.३ टक्के येतात, आणि प्रसिद्ध झालेला आकडा तोच आहे. जवळजवळ दहा टक्क्यांचा फरक, तोही स्वच्छ नावांच्या तक्त्यात. कोणी पी_लिटचं ‘साक्षरता’ असं गोंडस नाव करून ठेवलं, तर पुढचा माणूस ही चूक करणारच. ‘साक्षर_व्यक्ती’ केलं तर बहुधा थांबून विचार करेल. हा फरक कुठल्याही रेगेक्सला कळणारा नाही. आर भाषेतलं जॅनिटर हे पॅकेज टक्क्याचं चिन्ह पुसून न टाकता त्याच्या जागी टक्के या अर्थाचा इंग्रजी शब्द ठेवतं, हे शहाणपणाचं आहे. पण चिन्ह मुळात लिहिलेलं असेल तरच. कंसातलं ‘(हे.)’, ‘(लाखांत)’, ‘(मि.मी.)’ तर बहुतेक सफाईत केरात जातं, आणि एककच गेलं की आकड्याला काय उरतं?

‘मग सरळ इंग्रजी नावं द्या, कटकट मिटेल,’ असं म्हणणाऱ्यांना मी भाषाभिमानाने उत्तर देणार नाही, कारण त्यांच्या बाजूने भक्कम तांत्रिक कारण आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये रकान्याच्या नावाला ६३ बाइटांची मर्यादा असते. लॅटिन अक्षर एका बाइटात बसतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे जेमतेम २१ चिन्हं, आणि त्यात काना-मात्राही मोजायच्या. ‘अनुसूचित_जमातीतील_साक्षर_पुरुष’ आणि ‘अनुसूचित_जमातीतील_साक्षर_स्त्रिया’ ही दोन्ही नावं तिथे ‘साक्’पाशी छाटली जातात आणि एकसारखी होतात. निदान हा डेटाबेस त्यावर हरकत घेऊन तक्ता बनवायला नकार देतो. तेव्हा प्रोग्रामच्या आत लहान लॅटिन नाव असायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती मूळ मराठी शीर्षक टाकून देण्याला. ज्याने तो रकाना भरला, त्याने ‘कुटुंबे’ लिहिलं होतं की ‘घरे’, हे नंतर कोणालाच सांगता येणार नसेल, तर भाषांतर बरोबर होतं का, हे तपासायचं कशाच्या आधारावर?

म्हणून सफाईच्या कोडसोबत एक छोटा जोडतक्ता हवा: मूळ शीर्षक जसंच्या तसं, नवं नाव, एकक, आणि रकान्यात नेमकं काय मोजलंय याची एक ओळ. कोडने आधी मळ काढावा, मग शीर्षक या जोडतक्त्यात शोधावं. सापडलं नाही, किंवा दोन शीर्षकांना एकच नाव मिळालं, तर अंदाज न बांधता तिथेच थांबावं. यामुळे दर वेळी काम अडेल, ही तक्रार पहिल्या दोन-तीन फाइलींपुरती खरी आहे. नंतर प्रोग्राम अडतो तो बहुधा कुणीतरी खरोखरच नमुना बदललेला असतो तेव्हाच, आणि त्या वेळी तो अडलेलाच बरा. जोडतक्त्यातली शेवटची, अर्थाची ओळ मात्र प्रोग्रामरने एकट्याने लिहू नये. ‘पट’ म्हणजे नोंदलेली मुलं की त्या दिवशी हजर असलेली, हे केंद्रप्रमुखाला विचारूनच लिहावं लागतं.